अवर्षण, शासन आणि रयतेचा हक्क

सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरास वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो, आणि तेथून पूर्वेकडे शंभर किलोमीटरही न जाता, त्याच सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात, पाचशे मिलिमीटर पडला तरी साल बरे गेले असे लोक म्हणतात. माणपासून आटपाडी, जत, सांगोला, करमाळा, कर्जत, आष्टी असा जो पर्जन्यछायेचा पट्टा देशावरून मराठवाड्याकडे पसरत गेला आहे, त्यातील अवर्षण हे आकस्मिक संकट नव्हे. ते त्या भूमीच्या स्वभावातच आहे, आणि फिरून फिरून येणार हे तेथला लहान पोरही जाणतो. जी आपत्ती येणारच हे ठाऊक आहे, तिच्यासंबंधी राज्यसंस्थेने काय करावे, कोणत्या वेळी करावे, आणि मुख्य म्हणजे ते करण्यास तिला कशाने बांधून घ्यावे, हा प्रस्तुत ग्रंथाचा विषय होय. देशातील सर्वच राज्यांना हा प्रश्न थोड्याफार प्रमाणात पडलेला असला, तरी महाराष्ट्राचा अनुभव त्यांत दीर्घ आणि बोधप्रद आहे. तो न्याहाळताना मला एक गोष्ट ठळकपणे जाणवते: जेथे पीडित माणसाला सरकारदरबारी काही मागण्याचा नियमाने अधिकार होता, तेथे शासन वेळेवर आणि पुरेसे धावून आले, आणि जेथे सारी भिस्त अंमलदाराच्या कनवाळूपणावर किंवा तत्परतेवर राहिली, तेथे मदत उशिरा आली, अपुरी आली, किंवा मागणाऱ्याचा आवाज जितका मोठा तितकीच आली. मजुरीच्या बाबतीत असा अधिकार महाराष्ट्राने मिळविला. पाण्याच्या बाबतीत तो अद्याप अर्धामुर्धाच आहे.

मध्ययुगातील दुर्गादेवीच्या दुष्काळाची आठवण महाराष्ट्राने दामाजीपंतांच्या कथेच्या रूपाने जतन केली, हे अर्थपूर्ण आहे. मंगळवेढ्याच्या त्या अंमलदाराने बेदरच्या बादशहाची धान्याची कोठारे भुकेल्यांसाठी खुली केली. परंतु ती करताना त्याने नोकरीचा आणि जिवाचा धोका पत्करला, कारण कोठार उघडण्याचा नियम नव्हता, आणि त्याला सोडविण्यासाठी लोकांच्या श्रद्धेला प्रत्यक्ष विठ्ठलालाच महाराच्या वेषात दरबारी धाडावे लागले. शिवकालात या दयेला धोरणाचे रूप येऊ लागलेले दिसते. १६७६ साली मामले प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत यास लिहिलेल्या पत्रात, ज्या कुणब्यास बैल नाहीत त्यास बैल द्यावे, ज्यास पोटास दाणे नाहीत त्यास दाणे द्यावे, आणि त्याची शक्ती वाढल्यावर ते हळूहळू उगवून घ्यावे, अशी स्पष्ट ताकीद शिवाजी महाराजांनी दिली आहे. पुढे पेशवाईच्या दफ्तरांत तगाई, कौल, सूट, तहकुबी हे शब्द वारंवार भेटतात. उजाड गाव पुन्हा वसला पाहिजे, कारण गाव वसला तरच वसूल येईल, हा त्यामागील हिशेब व्यवहारी होता आणि रयतेच्या हिताचाही होता. मात्र सूट द्यावी की न द्यावी हे सर्वस्वी वरच्या मर्जीवर अवलंबून असे.

नियमबद्ध दुष्काळनिवारणाचा आरंभ १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळानंतर झाला, आणि तो लाखो माणसे मेल्यावर झाला हे विसरता येत नाही. हिंदुस्थान सरकारने पाठविलेल्या सर रिचर्ड टेंपल यांनी सरकारी कामांवरील मजुराची रोजी एक पौंड धान्य आणि वर किरकोळ रोख इतकी खाली आणली, तेव्हा दख्खनच्या कामांवरील हजारो मजूर, उपाशी असतानाही, कामे सोडून चालते झाले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने गणेश वासुदेव जोशी आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने ठिकठिकाणांहून माहिती मागवून ती सरकारपुढे सातत्याने मांडली. जोतीराव फुले आणि सत्यशोधक समाजाने धनकवडीस निराधार मुलांसाठी अन्नछत्र चालविले. पुढे १८८० च्या दुष्काळ आयोगाने, ज्याचे अध्यक्ष रिचर्ड स्ट्रेची होते, जी तत्त्वे घालून दिली त्यांवरून १८८३ मध्ये दुष्काळसंहितेचा नमुना तयार झाला आणि निरनिराळ्या प्रांतांनी आपापल्या संहिता केल्या. सशक्तांस काम, अशक्तांस फुकट अन्न, शेतसाऱ्यास तहकुबी किंवा माफी, आणि हे सर्व कोणत्या लक्षणांवरून सुरू करावे याची आगाऊ सूचना, असा तिचा आराखडा होता. परक्या सरकारने स्वतःच्या तिजोरीकडे एक डोळा ठेवून केलेली ती संहिता कंजूष होती. तथापि ती छापील होती, आणि छापील नियमाचा आधार घेऊन सरकारला जाब विचारता येतो हे लोकमान्य टिळकांनी १८९६-९७ च्या दुष्काळात दाखवून दिले. संहितेत रयतेला काय मिळावयास हवे हे ‘केसरी’तून आणि कार्यकर्त्यांमार्फत त्यांनी गावोगाव समजावून दिले: पीक बुडाले असेल तर सारा भरण्यासाठी गुरेढोरे विकू नका, नियमाप्रमाणे सूट मागा. या चळवळीचा सरकारला इतका राग आला की, १८९७ साली सार्वजनिक सभेची मान्यता काढून घेण्यात आली. त्याच वर्षांत कोल्हापुरास शाहू महाराजांनी स्वस्त धान्याची दुकाने उघडली, जनावरांसाठी छावण्या काढल्या, आणि दुष्काळी कामांवर खपणाऱ्या स्त्रियांच्या मुलांसाठी शिशुगृहे चालविली. मजुरीचा दर ठरवीत बसलेल्या मोठमोठ्या समित्यांना आईच्या पाठीवरचे मूल दिसले नव्हते, ते एका तरुण संस्थानिकाला दिसले, ही गोष्ट मला त्या काळातील सर्वांत मोठ्या प्रशासकीय सुधारणांपैकी एक वाटते.

स्वतंत्र महाराष्ट्राची खरी कसोटी १९७२ च्या दुष्काळात लागली. लागोपाठच्या अवर्षणांनी जमीन आधीच सुकलेली होती. बहात्तरचा पावसाळाही कोरडा गेला तेव्हा देश आणि मराठवाडा या भागांत ज्वारी-बाजरीचे पीक हाती लागलेच नाही, आणि मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्या शासनाने जागोजाग दुष्काळी कामे उघडली. १९७३ च्या मे महिन्यात या कामांवरील माणसांची संख्या सुमारे ५० लक्षांवर पोचली होती. एका राज्याच्या महसूल, पाटबंधारे आणि बांधकाम खात्यांनी इतक्या माणसांचे हजेरीपट लिहावेत, मोजमापे घ्यावीत आणि पगार वाटावेत, ही घटना केवळ आकड्यांनी कळत नाही. ती कळण्यासाठी अशा एखाद्या पाझर तलावाच्या कामावर मनाने उभे राहावे लागते. नाल्याच्या दोन्ही काठांवर चुन्याने आखणी केलेली, मातीच्या पाट्या डोक्यावर घेऊन बायकांची रांग बांधावर चढते आहे आणि दुसरी रिकाम्या पाट्या घेऊन उतरते आहे, पुरुष कुदळीने चौकोनी खड्डे खणीत आहेत, आणि प्रत्येक खड्ड्याच्या मधोमध मातीचा एक खुंट न खणता तसाच ठेवलेला आहे. कारण आठवड्याअखेर कारकून टेप घेऊन येईल तेव्हा मूळ जमीन किती उंच होती याची साक्ष तो खुंटच देणार असतो, आणि त्याच्या उंचीवर त्या टोळीचा पगार ठरणार असतो. खुंट ढासळला तर आठवड्याच्या श्रमाची वाद घालण्याजोगी एकही खूण उरत नसे. ज्यांच्याजवळ पन्नास-पन्नास एकर जमीन होती असे शेतकरीही त्या रांगेत होते. परदेशातून आलेला तांबडा मिलो आणि कामावर वाटली जाणारी सुकडी यांची चव त्या पिढीच्या तोंडातून अजून गेलेली नाही. राज्यातील धान्याचे उत्पादन भयंकर घटले असतानाही भूकबळींचा तो जुना प्रलय घडला नाही, कारण मजुरीच्या रूपाने लोकांच्या हाती धान्य विकत घेण्याची ताकद टिकली. हे यश मोठे होते. त्याचे श्रेय शासनाइतकेच, कमी मजुरी मिळाली, पगार थकला, काम बंद पडले की तहसील कचेरीवर चालून जाणाऱ्या मजुरांना आणि त्यांचे मोर्चे संघटित करणाऱ्या कार्यकर्त्यांना द्यावयास हवे.

या अनुभवाला कायद्याचे रूप मिळाले ते विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या चिंतनामुळे. तासगाव तालुक्यातल्या विसापूर येथे त्यांनी १९६५ च्या सुमारास जो छोटा प्रयोग करून पाहिला होता, त्यातून रोजगार हमी योजना उभी राहिली. १९७७ साली विधिमंडळाने रोजगार हमीचा अधिनियम संमत केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागणी केल्यापासून पंधरा दिवसांच्या आत काम द्यावे, न दिल्यास बेकारी भत्ता द्यावा, ही त्यातील तरतूद हे संपूर्ण व्यवस्थेचे मर्म आहे, कारण तिच्यामुळे दुष्काळ जाहीर होण्याची वाट पाहण्याचे कारण उरले नाही. हाताला काम नाही हीच पुरेशी फिर्याद झाली. शहरातील नोकरदार आणि व्यावसायिक यांच्यावर व्यवसाय कर बसवून आणि त्याच्याइतकीच रक्कम शासनाच्या तिजोरीतून घालून या योजनेचा निधी उभारण्यात आला. मुंबईच्या पगारदाराच्या खिशातून सांगोल्याच्या मजुराची रोजी निघावी, हा निर्णय कोणत्याही राज्याला भूषणावह वाटावा असा आहे. २००५ मध्ये केंद्राने सर्व देशासाठी ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला तेव्हा त्याच्यापुढे महाराष्ट्राचे हे उदाहरण होते. योजनेतील खोटे हजेरीपट, अर्धवट सोडलेली कामे, थकलेले पगार यांची चर्चा ग्रंथात पुरेशी आली आहे. तिचे उणेपण दाखविणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की, हक्क असल्यामुळेच त्या अपहारांचा पुकारा झाला.

आता ज्या विषयाकडे वाचकांचे सहसा लक्ष जात नाही, आणि ज्याला मी सर्वाधिक महत्त्व देतो, त्याकडे वळतो. दुष्काळ पडला आहे हे ठरवायचे कोणी आणि कशावरून? जुन्या काळी सोळा आणे पीक मानून गावाची आणेवारी काढीत. दशमान नाणी आल्यावर तिची पैसेवारी झाली, आणि ५० पैशांच्या खाली गाव उतरले की ते टंचाईग्रस्त समजले जाऊ लागले. गावाच्या शिवारात दहा मीटर लांब व दहा मीटर रुंद असा तुकडा आखून त्यातील पीक कापायचे, मळायचे, तोलायचे, आणि त्या उताऱ्याची प्रमाण उताऱ्याशी तुलना करायची, ही रीत तत्त्वतः निर्दोष आहे. परंतु तलाठी कोणत्या शेतात तुकडा आखतो, विहिरीखालचे एखादे हिरवे रान हिशेबात येते की माळावरची करपलेली बाजरी येते, यावर साऱ्या गावाचे भवितव्य ठरते. शिवाय कालाचा प्रश्न निराळाच. खरिपाची नजरअंदाज पैसेवारी सप्टेंबरात, सुधारित ऑक्टोबराच्या अखेरीस आणि अंतिम डिसेंबरात जाहीर होत असे. पाऊस मात्र ऑगस्टातच पाठ फिरवून गेलेला असतो, पोळा झाल्यावर बैल बाजारात जाऊ लागतात, आणि ऊसतोडीच्या टोळ्या उचल घेऊन दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात. कागदावर दुष्काळ उमटेपर्यंत अर्धे गाव निघून गेलेले असते.

या विलंबावर उपाय म्हणून, आणि २०१६ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने दुष्काळाबाबत दिलेल्या निर्णयाचा परिणाम म्हणून, केंद्राने त्याच वर्षीच्या अखेरीस नवी दुष्काळ व्यवस्थापन संहिता काढली. पर्जन्याची तूट, पेरणीचे क्षेत्र, उपग्रहाने टिपलेली वनस्पतींची स्थिती, जमिनीतील ओल, धरणांतील व भूगर्भातील पाणी अशा निर्देशांकांवरून तालुक्याची छाननी करायची, आणि मग निवडक गावांत प्रत्यक्ष पीकपाहणी करून निर्णय द्यायचा, अशी तिची पद्धत आहे. महाराष्ट्राने ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी या पद्धतीने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला; त्यांपैकी ११२ तालुक्यांत तो गंभीर आणि ३९ तालुक्यांत मध्यम होता. अंतिम पैसेवारीच्या मानाने निर्णय दोन महिने आधी आला ही मोठी सुधारणा होय. परंतु केंद्राच्या आपत्ती निधीतून साहाय्य मागण्यासाठी दुष्काळ गंभीरच असावा लागतो, मध्यम असल्यास सर्व भार राज्यावर येतो, आणि तालुका हा घटक धरल्याने एका टोकाला झालेल्या पावसामुळे दुसऱ्या टोकाचे कोरडे महसूल मंडळ झाकले जाते. पैसेवारीच्या काळी गावकऱ्याला निदान आपल्याच शिवारातल्या तुकड्यापाशी उभे राहून हरकत घेता येत असे. उपग्रहाच्या निर्देशांकावर त्याने हरकत कोठे आणि कशी घ्यावी, हे त्याला कोणी सांगितलेले नाही. नव्या पद्धतीची अचूकता मला मान्य आहे. तथापि जिच्याविरुद्ध अपील करता येत नाही ती अचूकता रयतेच्या उपयोगाची नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुष्काळ जाहीर झाल्यावर मिळणाऱ्या सवलतींचा तपशील संपादकांनी परिशिष्टात दिलाच आहे: जमीन महसुलात सूट, पीककर्जाचे पुनर्गठन, शेतीपंपांच्या वीजबिलात ३३.५ टक्के सवलत, विद्यार्थ्यांस परीक्षाशुल्काची माफी, रोजगार हमीच्या निकषांत शिथिलता, टँकर, आणि टंचाईच्या गावांतील पंपांची वीज न तोडणे. टंचाई कृती आराखडा ऑक्टोबर ते जून या नऊ महिन्यांचे तीन टप्पे पाडून केला जातो आणि त्यात विहिरींचे अधिग्रहण, नळयोजनांची दुरुस्ती, टँकर असा क्रम असतो. हा क्रम शहाणपणाचा आहे, पण व्यवहारात टँकर आधी येतो, कारण तो डोळ्यांना दिसतो. चारा छावण्यांविषयी मात्र दोन शब्द अधिक लिहिले पाहिजेत. माण-खटाव, सांगोला, आष्टी या भागांत छावणी लागली की शेकडो कुटुंबांतील कोणी ना कोणी दावणीपाशीच मुक्काम ठोकतो. उसाचे वाढे, थोडी पेंड, जनावराच्या कानातला बिल्ला, रोजची गणती, आणि रात्री गोठ्याच्या आडोशाला पडलेली म्हातारी माणसे व शाळा बुडालेली मुले, असे ते गावच होऊन बसते. जनावर जगले तर पुढल्या मृगाला पेरणी होते, हे ज्याला कळते त्याला छावणीवरील खर्च उधळपट्टी वाटणार नाही. दुष्काळात दिलेल्या हेक्टरी साहाय्यातून, जे कोरडवाहू पिकाला २०१५ नंतरच्या निकषांप्रमाणे हेक्टरी ६,८०० रुपये आणि तेही दोन हेक्टरांच्या मर्यादेत होते, बैलजोडी पुन्हा उभी राहत नाही.

निवारणाच्या बाबतीत महाराष्ट्र इतका पुढे गेला असताना दुष्काळाची तीव्रता का हटली नाही, हा प्रश्न उरतोच. राज्याचा सुमारे चार-पंचमांश भाग काळ्या पत्थराने व्यापलेला आहे. त्याच्या फटींत आणि झिजलेल्या थरांत जे थोडेफार पाणी साठते तेवढेच. बहात्तरनंतर पाझर तलाव, नालाबांध, सलग समतल चर यांची असंख्य कामे झाली, २०१४ च्या डिसेंबरात जलयुक्त शिवार अभियान सुरू झाले, आणि पाणी अडविण्याच्या बाबतीत शासनाने पैशाची फारशी कुचराई केली असे म्हणता येणार नाही. परंतु अडविलेले पाणी कोणाचे, हे कोणीच ठरविले नाही. सर्वांच्या श्रमाने बांधलेल्या पाझर तलावाखाली ज्याची विहीर, त्याचा ऊस झाला. ज्या बाईने पाट्या वाहिल्या तिच्या घरी उन्हाळ्यात टँकरचीच वाट पाहणे राहिले. पुढे कूपनलिका आल्या आणि स्पर्धा जमिनीखाली गेली. पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक उद्भवापासून ५०० मीटरांच्या आत नवी विहीर घेण्यास मज्जाव करणारा कायदा १९९३ पासून आहे. नंतरच्या भूजल अधिनियमाने शेतीसाठी ६० मीटरांहून खोल विहिरीस मनाई केली. आणि तरीही बोअरची गाडी रात्री गावात येते, तिप्पट खोल जाते आणि उजाडण्यापूर्वी निघून जाते, हे त्या भागात कोणासही विचारावे.

लातूरचे उदाहरण या दृष्टीने मननीय आहे. २०१६ साली मांजरा धरण कोरडे पडले तेव्हा मिरजेहून रेल्वेने पाणी नेण्याचा निर्णय झाला. १२ एप्रिलला दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाण्याची पहिली खेप पोचली, पुढे पन्नास वाघिणींची गाडी धावू लागली, आणि पावसाळा स्थिरावेपर्यंत ही वाहतूक चालली. रेल्वे, महसूल आणि पाणीपुरवठा या खात्यांनी जी तडफ दाखविली तिची प्रशंसा करावी तितकी थोडीच. परंतु ज्या खोऱ्यात त्याआधीची वर्षानुवर्षे उसाचे क्षेत्र आणि साखर कारखाने वाढत गेले, तेथे धरणातील पाण्याचा पहिला वाटा तहानेसाठी राखून ठेवण्याचा नियम चांगल्या पावसाच्या सालांत कठोरपणे पाळला गेला असता, तर त्या तडफेचा प्रसंगच कदाचित आला नसता.

पाण्यातील हिश्श्याला हक्काचे रूप देता येते, याचा एक मोठा पुरावा मराठवाड्यातील जायकवाडी धरणाचा आहे. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियमात टंचाईच्या वर्षी खोऱ्यातील धरणांनी तूट सारखी वाटून घ्यावी असे तत्त्व आले. त्यावरून मराठवाड्यातील लोक प्राधिकरणापुढे आणि न्यायालयापुढे गेले. आणि १५ ऑक्टोबरच्या सुमारास जायकवाडीत ६५ टक्क्यांहून कमी साठा असल्यास नाशिक-नगरच्या वरच्या धरणांतून पाणी सोडावे, अशी रीत पडली. दर वेळी तंटा होतो, वाटेत पाणी मुरते, हे खरे. पण आता निदान आकडा आहे, तारीख आहे आणि मागायला जागा आहे. धरणापर्यंत पोचलेला हा न्याय कालव्याच्या शेवटच्या टोकापर्यंत आणि विहिरीपर्यंत मात्र उतरलेला नाही. तो उतरविता येईल असे दाखविणारे प्रयोग शासनाबाहेर झाले. पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी बहात्तरच्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभारली तेव्हा पाणी जमिनीवर न मोजता माणसावर मोजले: दरडोई अर्धा एकर, कुटुंबास फार तर अडीच एकर, भूमिहीनासही वाटा, आणि ऊस नाही. हिवरे बाजारला १९९० नंतर ग्रामसभेने शेतीसाठी कूपनलिका बंद केल्या, आणि दर वर्षी पाऊस किती झाला ते मोजून कोणती पिके घ्यायची हे ठरविण्याची शिस्त घातली. असे नेतृत्व प्रत्येक गावी मिळत नाही, म्हणून हे प्रयोग सार्वत्रिक होणार नाहीत, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. विसापूरचा प्रयोग विसापुरापुरताच राहील असेही एकदा वाटले असेल. पागे यांनी त्यातील नेतृत्वाचा भाग वगळून नियमाचा भाग तेवढा उचलला आणि विधिमंडळापुढे ठेवला. नायगावच्या अर्ध्या एकराचे तसे व्हावयास हवे.

या ग्रंथातील प्रकरणे कालानुक्रमाने लावलेली असली, तरी ज्यांना वेळ थोडा आहे त्यांनी पाणीवाटपावरील उत्तरार्ध प्रथम वाचावा, आणि तो शक्य तर भरपूर पाऊस झालेल्या वर्षी, धरणे भरलेली असताना वाचावा. कारण त्यात सुचविलेला प्रत्येक निर्णय त्याच वर्षी घेण्याजोगा आहे.